चोराच्या तोंडचा सुविचार

नांदेड-लातूरकडच्या शाळांच्या व्हरांड्यात एक फळा हमखास असतो. वर वार-तारीख, मध्ये सुविचार आणि खाली उजव्या कोपऱ्यात एखादं मोठं नाव. त्या नावांत शेक्सपियरची वर्णी नेहमी लागते. नावाला काही अर्थ नसतो, अशा आशयाचं त्याचं वाक्य तर आपल्याला इतकं पाठ आहे की ते परक्या भाषेतून आलंय हेही कोणाच्या ध्यानात राहत नाही. वक्तृत्व स्पर्धेतला मुलगा ‘शेक्सपियर म्हणतो’ अशी सुरुवात करतो आणि टाळी घेऊन जातो.

शेक्सपियर तसं म्हणत नाही. म्हणते ती ज्युलिएट. तिला अजून चौदावं पुरं झालेलं नाही. रात्रीची वेळ आहे, आपलं कोणी ऐकत नाही अशी तिची समजूत आहे आणि ज्याच्यावर जीव जडला तो नेमका वैऱ्याच्या घरातला निघालाय. मग ती स्वतःचीच समजूत घालते की, नावाचं काय एवढं! पुढे नाटकभर ती दोन घराण्यांची नावंच माणसं मारत जातात आणि शेवटी ती स्वतःही त्यातच संपते. म्हणजे नाटक सांगतं ते त्या वाक्याच्या बरोबर उलट. फळ्यावर येतं ते एका कोवळ्या पोरीचं म्हणणं, आणि खाली नाव मात्र नाटककाराचं.

माणसाच्या स्वभावाविषयी जुने नाटककार काय म्हणून गेले, हे गोळा करायला निघालेला वाचक हटकून इथे फसतो. वाक्य हाती लागतं आणि बोलणारा निसटतो. मुरलेला नाटककार तर चांगलं वाक्य मुद्दामच नको त्या माणसाच्या तोंडी घालतो.

‘हॅम्लेट’मधला पोलोनियस घ्या. परदेशी निघालेल्या मुलाला तो उपदेश करतो: उधार देऊ नकोस, घेऊ नकोस, ऐक सगळ्यांचं पण बोल थोड्यांशी, आणि मुख्य म्हणजे स्वतःशी प्रामाणिक राहा. पदवीदान समारंभात शोभावं असं हे भाषण. याच पोलोनियसची पुढच्या अंकातली पहिली करणी कोणती? त्याच मुलावर पाळत ठेवायला तो नोकर पाठवतो आणि त्याला बजावतो की, चारचौघांत माझ्या पोराबद्दल थोडं वाईटसाईट बोल, म्हणजे लोक आपसूक खरं काय ते सांगतील. उपदेश आणि पाळत यांच्यात शेक्सपियरने फार अंतर ठेवलेलं नाही. जवळजवळ ठेवूनच त्याने पोलोनियस आपल्याला दाखवला. गोपाळ गणेश आगरकरांनी हे नाटक ‘विकारविलसित’ नावाने मराठीत आणलं ते १८८३ साली. कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यामुळे टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, तेव्हा त्यांनी हे काम केलं. बोलणं आणि वागणं यांतल्या फटीवर आगरकरांनी आयुष्यभर लिहिलं. तुरुंगात त्यांना हेच नाटक हवंसं वाटलं, यात मला तरी नवल वाटत नाही.

‘ऑथेल्लो’तला इयागो आणखी वरचढ. माणसाचं चांगलं नाव हेच त्याचं खरं धन, पैसा चोरणारा कचरा चोरतो, अशा अर्थाचं त्याचं बोलणं जगभरच्या सुविचारसंग्रहांत आहे. पण याच इयागोने थोड्याच वेळापूर्वी, नोकरी गमावून रडत बसलेल्या कॅसिओला अगदी उलट सांगितलेलं असतं: अब्रू म्हणजे नुसता भ्रम, ती लायकी नसताना मिळते आणि दोष नसताना जाते. दोन्ही वाक्यं सुरेख, आणि खरं सांगायचं तर दोन्ही आपापल्या जागी पटणारी. बोलणाऱ्याला मात्र त्यातल्या एकाचंही सोयरसुतक नाही. समोरच्याला जिथे दुखतं तिथे तो बोट ठेवतो. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये ‘झुंजारराव’ लिहिताना या इयागोचा जाधवराव केला, डेस्डिमोनाची कमळजा केली आणि व्हेनिसचा तो सल्लागार आपल्याकडच्या वाड्यात आणून बसवला. फार काही बदलावं लागलं नसणार. कानाशी लागणारी माणसं कोणत्या वाड्यात नव्हती?

ही युक्ती शेक्सपियरने शोधलेली नाही. त्याच्या आधी शेकडो वर्षं शूद्रकाने ‘मृच्छकटिक’ या दहा अंकी नाटकात तिचा कळस गाठला होता, आणि ते नाटक दरवेळी वाचताना मी तिसऱ्या अंकावर अडकतो.

शर्विलक नावाचा ब्राह्मण चोर रात्री नाटकाचा नायक चारुदत्त याच्या घराला भोक पाडायला येतो. पण भोक पाडण्याआधी तो भिंतीसमोर उभा राहून शास्त्रार्थ करतो. विटा कच्च्या असतील तर काय करावं, भाजलेल्या असतील तर काय, भोक कमळासारखं पाडावं की चंद्रकोरीसारखं की भरल्या घटासारखं. सकाळी शेजारीपाजारी जमले की त्यांनी कारागिरीची तारीफ केली पाहिजे. मापायला दोरी आणायची राहिलेली असते. मग तो गळ्यातलं जानवं काढतो आणि त्याने भिंत मोजतो. वर त्या जानव्याची थोरवीही गातो: माप घ्यायला उपयोगी, दागिन्यांचे फासे सोडवायला उपयोगी, कडी काढायला उपयोगी, सापाने डसलं तर बांधायलाही उपयोगी. तेवढ्यात त्याला खरोखरच डसतं आणि तो ते बोटाला बांधतो.

एवढं सगळं करताना त्याचं मन मात्र साफ आहे. लोक चोरीला नीच म्हणतात ते म्हणोत, कोणापुढे हात जोडून चाकरी करण्यापेक्षा स्वतःच्या हिमतीवरचा बदनाम धंदा बरा, असं तो स्वतःला सांगतो. झोपलेल्यांवर घाला घालायचा दाखलाही त्याच्याकडे आहे, थेट महाभारतातल्या अश्वत्थाम्याचा. त्याचं स्वातंत्र्यावरचं हे म्हणणं जानवं आणि भिंत वगळून फळ्यावर लिहिलं, तर ‘नोकरी मागणारे नव्हे, देणारे व्हा’ या पंगतीत सहज बसेल.

पुढच्या अंकात तो आपल्या प्रेयसीला, मदनिकेला सांगतो की मी चोर असलो तरी माझे नियम आहेत: बाईच्या अंगावरचा दागिना मी ओढत नाही, ब्राह्मणाचं धन घेत नाही. आदल्या रात्री लुटलेला चारुदत्त ब्राह्मणच होता. शर्विलक खोटं बोलत नाही. त्याला खरंच आपण तसे वाटतो. इथे शूद्रकाने माणसाविषयी जे पकडलंय ते मला कुठल्याही सुभाषितापेक्षा मोलाचं वाटतं. माणूस वाईट काम करतो तेव्हा स्वतःला वाईट म्हणून घेत नाही, आधी एक छोटं नियमपुस्तक तयार करतो आणि ते पाळल्याचं समाधान घेतो. जिल्हा परिषदेपासून साखर कारखान्यापर्यंत असं नियमपुस्तक खिशात बाळगणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत.

गंमत म्हणजे लुटला गेलेला चारुदत्तही काही कमी नाही. सकाळी भोक पाहून तो आधी त्याच्या घडणीचं कौतुक करतो आणि मग हळहळतो की बिचारा चोर एवढी मेहनत करून रिकाम्या हाताने गेला असेल. दिवाळं निघालेल्या श्रीमंताचा हा मोठेपणा खराही आहे आणि थोडा दिखाऊही.

आता आपल्या परगण्यात येऊ. वाशिमला १९३९ मध्ये वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. त्यात एका गावाच्या दानाचा उल्लेख आहे आणि ते गाव ‘नान्दीकट’च्या उत्तर मार्गावर असल्याचं म्हटलंय. हे नान्दीकट म्हणजे आजचं नांदेड, असं अभ्यासक मानतात. त्या राजाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजेच वाशिम. त्या राजानंतर सुमारे पाचशे वर्षांनी, सन ९०० च्या आसपास, कनोजच्या दरबारात बसून राजशेखर नावाच्या नाटककाराने एक नाटक लिहिलं आणि त्याची नायिका नेमकी या वत्सगुल्माहून उचलून आणली. नाटक ‘कर्पूरमंजरी’. राजशेखराचं यायावर घराणं मूळचं महाराष्ट्रातलं. पणजोबांना तो अभिमानाने महाराष्ट्राचा चूडामणी म्हणतो. नाटक त्याने सबंध प्राकृतात लिहिलं आणि पत्नी अवंतिसुंदरीच्या इच्छेवरून ते रंगभूमीवर आणलं.

नाटकातल्या राजाच्या दरबारात भैरवानंद नावाचा एक योगी येतो. आल्या आल्या सांगून टाकतो की मला ना मंत्र येतो ना तंत्र, ना ध्यान. गुरुकृपेने मद्य पितो, बायकांत रमतो आणि तरी मोक्षाच्याच वाटेवर आहे. इतकी सरळ कबुली ऐकून राजाने त्याला हाकलायला हवं. पण राजा म्हणतो, काहीतरी चमत्कार दाखवा! भैरवानंद मग वत्सगुल्मातून कर्पूरमंजरीला आणून उभी करतो, तीही न्हाणीघरातून, ओलेत्या वस्त्रानिशी. लबाड माणूस आपली लबाडी लपवतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. आपली लबाडी उघड सांगणाऱ्यावर लोक दुप्पट विश्वास टाकतात, हे राजशेखराने ओळखलं होतं.

नाटकातला राजकारणी चिमटाही सोडू नये. कर्पूरमंजरी कुंतलच्या वल्लभराजाची मुलगी. ‘वल्लभ’ ही तर राष्ट्रकूटांची पदवी, आणि राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरचे, म्हणजे आपल्या लातूरचे, स्वामी म्हणवत. राजशेखराचे आश्रयदाते प्रतिहार आणि राष्ट्रकूट यांचं वैर पिढ्यान्‌पिढ्यांचं. तेव्हा वल्लभराजाची लेक ओलेत्याने आपल्या दरबारात उभी राहते, हे ऐकून कनोजचे मानकरी मिशांवर हात फिरवत हसले असतील. हा माझा अंदाज, पण नाटककाराला प्रेक्षक कुठे हसतो ते माहीत असतं.

त्याहून बहारीचा आहे पहिल्याच अंकातला तंटा. राणीची दासी विचक्षणा आणि विदूषक कपिंजल यांची कवितेवरून जुंपते. मी विद्वान घराण्यातला आहे, असं विदूषक सांगतो. पुरावा काय, तर माझ्या सासऱ्याचा सासरा दुसऱ्यांच्या घरी पुस्तकं वाहायचा. विद्या वारसाहक्काने आली म्हणायची, असं दासी त्याला लगावते. मग दोघांच्या कविता होतात आणि दासीची सरस ठरते. कपिंजल हरल्याचं कबूल करत नाही. जिथे दासी आणि ब्राह्मण एका मापाने मोजले जातात असा हा दरबार, असा कांगावा करून तरातरा निघून जातो. निकाल विरुद्ध गेला की परीक्षेच्या पद्धतीलाच नावं ठेवणं, ही चाल तेव्हाही नवी नव्हती.

प्राचीनांतला एक नाटककार मात्र पात्राआड न लपता स्वतःच बोलला. तोही विदर्भाचाच, पद्मपुरचा भवभूती. ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेत तो टीकाकारांना सांगतो की हे तुमच्यासाठी नाहीच, काळ अनंत आहे, पृथ्वी मोठी आहे, कधीतरी माझ्या जातीचा कोणी जन्मेल. विलक्षण बाणेदार उद्गार! पण भवभूतीच्या तिन्ही नाटकांत विदूषक नाही, हेही ध्यानात ठेवण्यासारखं आहे. ज्याला स्वतःला इतकं ठणकावून बोलायचंय त्याला आपली टर उडवणारा माणूस रंगमंचावर परवडत नसावा.

नाटकाने शहाणपण असं वाकड्या वाटेने का सांगावं? या प्रश्नाचं जुनं उत्तर भरताच्या नाट्यशास्त्रात आहे, आणि त्या ग्रंथाशी झटणारा मराठवाड्यातला मोठा अभ्यासक नांदेडात होता. नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) पीपल्स कॉलेजचे प्राचार्य होते. इतिहास, राजकारण, मनुस्मृती यांवर ज्या निर्भीडपणे ते बोलत त्याच निर्भीडपणे भरतावरही बोलले आणि लिहिते झाले. ऋषिप्रणीत म्हणून मान तुकवायची नाही आणि जुनं म्हणून टाकायचंही नाही, हा त्यांचा खाक्या.

नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायातली गोष्ट अशी. पहिलं नाटक इंद्राच्या ध्वजमहोत्सवात झालं आणि त्यात देवांनी दैत्यांना कसं हरवलं ते दाखवलं. प्रेक्षकांत दैत्यही होते. त्यांनी नटांची वाचा, हालचाल, स्मृती सगळंच बांधून टाकलं. नाटक बंद पडलं. म्हणजे पहिलाच प्रयोग उधळला गेला, आणि तोही भावना दुखावल्या म्हणून! इंद्राने जर्जर, म्हणजे आपला ध्वजदंड, उगारून मारामारी केली, विश्वकर्म्याने भिंतीबिंती घालून नाट्यगृह बांधलं, पण खरं काम ब्रह्मदेवाने केलं. त्याने दैत्यांना बोलावून समजावलं की यात एकट्या देवांचं किंवा एकट्या तुमचं काही नाही, तिन्ही लोकांच्या भावांचं हे अनुकरण आहे. दैत्यालाही नाटकात आपला चेहरा ओळखू आला पाहिजे, असा त्याचा अर्थ मी घेतो. चेहरा ओळखू यायचा तर दैत्याला बोलू दिलं पाहिजे, आणि चांगलं बोलू दिलं पाहिजे. शर्विलकाला युक्तिवाद मिळतो तो याच न्यायाने.

त्याच ग्रंथाच्या शेवटी दुसरी गोष्ट आहे आणि ती कमी सांगितली जाते. भरताची मुलं पुढे शेफारली, प्रहसनांतून ऋषींचीच नक्कल करू लागली. ऋषींनी शाप दिला आणि नटांची जात खाली ढकलली गेली. एका टोकाला दैत्यांचा राग, दुसऱ्या टोकाला ऋषींचा. हसणाऱ्याला दोन्हीकडून मार.

शाप कोणाला बाधला ते पाहायचं तर लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेला जावं. खंडोबाची ही यात्रा मार्गशीर्षात भरते. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार आणि तमाशाच्या कनाती, दोन्हींसाठी लोक लांबून येतात. गण, गौळण, बतावणी, मग वग. गौळणीतल्या मावशीपासून वगातल्या राजापर्यंत कोणाचीही टोपी उडवायचा परवाना सोंगाड्याकडे असतो. त्याची संहिता निम्मी ठरलेली, निम्मी जागच्या जागी सुचलेली. समोर सरपंच बसलाय की फौजदार, ते पाहून तो शब्द फिरवतो. ‘गाढवाचं लग्न’मध्ये दादू इंदुरीकरांचा सावळा कुंभार राजा-प्रधानांना जे सुनावतो ते एखाद्या सभ्य पात्राने सुनावलं असतं तर वग तिथेच आटोपला असता. येड्याचं सोंग घेतलं की खरं बोलायला मोकळीक मिळते.

नको त्या माणसाच्या तोंडी शहाणपण घालण्याची हीच युक्ती देवलांनी फ्रान्सहूनही आणली. मोलिएरचं १६६० मधलं एक छोटं प्रहसन इंग्रजीत आर्थर मर्फीच्या हाती गेलं, तिथून देवलांकडे आलं. आधी ‘फाल्गुनराव’ म्हणून १८९३ मध्ये, मग पदं घालून १९१६ मध्ये ‘संशयकल्लोळ’. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव गाजला तो याच नाटकात. रस्त्यात घेरी आलेल्या रेवतीला संशयी फाल्गुनराव सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेटची तसबीर कृत्तिका उचलते, ते फाल्गुनराव पाहतो. दोघांनीही डोळ्यांनी पाहिलंय, आणि दोघांनी जे पाहिलं ते खरंच घडलंय. चुकतो तो फक्त अर्थ. मोलिएरच्या मूळ नाटकात शेवटी सगळा उलगडा झाल्यावर तो संशयी नवराच प्रेक्षकांना उपदेश करतो की, डोळ्यांनी पाहिलं तरी विश्वास ठेवू नका! ज्याने तासभर डोळ्यांखेरीज कशावर विश्वास ठेवला नाही त्याच्या तोंडी हा सुविचार. उद्या पुन्हा तसबीर सापडली तर तो पुन्हा तेच करील, हे प्रेक्षकाला पक्कं ठाऊक असतं.

गडकऱ्यांनी हा खेळ फार जीवघेणा केला. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आला तो १९१९ मध्ये, ते गेल्यानंतर महिनाभरात. सुधाकर वकील, मानी माणूस; कोर्टातल्या अपमानाने सनद तहकूब झाली आणि तळीरामाने प्याला पुढे केला. तळीरामाचा वकिली बाणा पाहा: आर्य मदिरा मंडळ काढतो, सभा भरवतो, दारूच्या बाजूने असा बिनतोड तर्क चालवतो की पोट धरून हसावं. दुसरीकडे रामलाल. सज्जन, विचारी, तळमळून सांगणारा. त्याचं प्रत्येक वाक्य बरोबर आहे, आणि त्याने एक थेंबही कमी होत नाही. मला वाटतं, रामलालची लांबलचक भाषणं हा गडकऱ्यांचा दोष नव्हे. चांगल्या माणसाचा चांगला उपदेश किती हतबल असतो, हे त्यांना असंच, प्रेक्षकाला चुळबुळायला लावून, दाखवायचं असावं. तळीरामाचं वाक्य लोक घरी नेतात, रामलालचं थिएटरातच राहतं.

नांदेडच्याच दत्ता भगतांच्या ‘वाटा पळवाटा’त तळीराम नाही आणि शर्विलकही नाही. सगळी पात्रं एकाच घरातली, एकाच चळवळीतली. बाबासाहेबांना पाहिलेल्या पिढीचे काका, प्राध्यापक झालेला सतीश, त्याची सवर्ण पत्नी हेमा, आणि धीर संपलेला तरुण अर्जुन. इथे लबाड कोणीच नाही, त्यामुळे नाटककाराला लपायला जागाही कमी. भगतांनी काय केलं, तर प्रत्येकाला त्याच्या बाजूचं सर्वांत मजबूत बोलणं दिलं. काका बोलतात तेव्हा काका बरोबर वाटतात. अर्जुन भडकतो तेव्हा तोही. आणि एकाची निष्ठा दुसऱ्याला अंग काढून घेणं वाटत राहते.

भगत स्वतः नांदेडला मराठीचे प्राध्यापक होते. नाटकातल्या चौघांपैकी त्यांच्या जवळचा कोण, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. पण सतीशला त्यांनी सोडलेलं नाही. पगार, घर, पुस्तकं आणि संयमाची भाषा यांवरून अर्जुन त्याला जे ऐकवतो, ते नाटककाराने स्वतःच्या टेबलावर बसून, स्वतःच्या पेशाच्या माणसासाठी, एकही धार बोथट न करता लिहिलंय.